जुनी कानस, जुना टॅप: आधी ओळख, मग काळ, आणि सफाई त्यांच्या मधे

जुन्या बाजारातून उचललेली कानस किंवा पत्र्याची कात्री लोक मला दाखवायला आणतात, तेव्हा ती बहुतेक वेळा आधीच चकचकीत झालेली असते. कुणी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासलेली असते, कुणी बफ मारलेला असतो. मग प्रश्न येतो, "काका, ही किती सालची असेल?" ज्या खुणा वाचून उत्तर द्यायचं, त्या बफाबरोबर गेलेल्या असतात.

दुसरी चूकही तितकीच नेहमीची आहे. छापावर कंपनीचं नाव दिसतं, ती कंपनी अमुक साली सुरू झाली असं कुठेतरी वाचायला मिळतं आणि तेच साल औजाराला चिकटतं. निकोल्सन ही कानशींची अमेरिकन कंपनी १८६४ सालची आहे. तिच्या नावाच्या कानशी त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं बनत राहिल्या. नाव वाचून कानस कुणी केली ते कळलं, कधी केली ते अजून कळायचं आहे.

हा लेख हातानं धातू कापायच्या औजारांसाठी आहे: कानशी, हॅकसॉ, छिन्न्या, टॅप आणि डाय (भोकात आणि दांड्यावर आटे पाडायची औजारं), पत्र्याच्या कात्र्या. टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. क्रम उलटला की पुरावा जातो आणि तो परत आणता येत नाही.

कामाला लागण्यापूर्वी

उत्तर कोणत्या रूपात हवं ते मनाशी नक्की करा. "१९३८ सालची कानस" असं उत्तर फार क्वचित मिळतं. खरं उत्तर दोन टोकांचं असतं: अमुक सालाआधीची असूच शकत नाही, आणि तमुक सालानंतरची बहुधा नाही. यातलं पहिलं टोक भक्कम असतं, कारण जी गोष्ट तोवर जन्मलीच नव्हती ती औजारावर येणार कुठून? दुसरं टोक नेहमी सैल असतं. कारखाने जुने छाप, जुने साचे, जुनी लेबलं संपेपर्यंत वापरतात.

साहित्य साधंच लागतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, व्हर्नियर, पिच गेजचे, म्हणजे आट्यांमधलं अंतर ताडून पाहायच्या पट्ट्यांचे, दोन संच (एक ५५ अंशांचा व्हिटवर्थ आणि एक ६० अंशांचा मेट्रिक), पातळ कागद, मऊ पेन्सिल, पांढरा खडू, रॉकेल, सुती चिंध्या आणि पितळी तारेचा हातब्रश. पिच गेज पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळेल. एकच संच घेऊन काम भागवू नका. का ते टप्पा ४ मध्ये येईल.

टप्पा १: विकत घेतानाच चौकशी करा

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. विक्रेत्याला भाव विचारण्याआधी माल कुठून आला ते विचारा. "दादा, हे एकाच पोत्यातलं आहे का? त्यातलं अजून काय आहे?" भोसरी किंवा पिंपरीकडच्या बंद पडलेल्या वर्कशॉपचा माल एकगठ्ठा येतो. एका टॅपच्या शेजारी त्याच कपाटातले आणखी दहा तुकडे असतात, आणि त्यांतल्या एखाद्यावर स्पष्ट छाप असतो.

फाटका खोका, तेलकट कागद, लाकडी पेटीचं मोडकं झाकण, जे मिळेल ते घ्या. लोक औजार घेतात आणि खोका तिथेच टाकतात. पुष्कळदा काळ सांगायला औजारापेक्षा खोकाच जास्त कामाला येतो.

सावधान: विक्रेत्यानं सांगितलेलं साल वहीत लिहा, पण "विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार" असं लिहूनच. "साहेब, १९३१ ची आहे, इंग्रजांच्या काळातली, बघा लिहिलंय" असं म्हणून मला एक कानस दाखवली होती. तिच्यावर खरंच १९३१ होतं, पण त्याच्या आधी आयएस ही अक्षरं होती. आयएस १९३१ हा इंजिनिअरिंग कामाच्या कानशींच्या भारतीय मानकाचा क्रमांक आहे. भारतीय मानक संस्था स्थापन झाली तीच १९४७ साली, म्हणजे ती कानस स्वातंत्र्यानंतरची.

टप्पा २: न घासता बघा

घरी आणल्यावर औजार धुवायचं नाही. सुक्या चिंधीनं फक्त सुटी माती पुसा. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा. समोरून सपाट दिसणारं लोखंड आडव्या उजेडात अक्षरं दाखवू लागतं. टॉर्च चारही बाजूंनी फिरवा, कारण काही रेषा एकाच दिशेच्या उजेडात उठतात.

कुठे बघायचं हे ठरलेलं आहे. कानशीवर छाप बहुधा टाचेपाशी असतो, म्हणजे दाते संपून मुठीत जाणारा निमुळता भाग सुरू होतो तिथे. मूठ खाली सरकलेली असेल तर तो तिच्याखाली दडतो. टॅपवर गुळगुळीत दांड्यावर, डायवर सपाट तोंडावर, हॅकसॉवर चौकटीच्या पाठीवर किंवा मुठीजवळ, कात्रीवर खिळीच्या आसपास. छिन्नीवर मधल्या अंगावर, डोक्यापासून दूर.

छाप दिसला की त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. ठसा पुसट असेल तर खडू चोळा आणि वरचा पुसून टाका, खड्ड्यात राहिलेला पांढरा अक्षरं दाखवतो. फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून.

तपासा: अर्धवट अक्षरं अंदाजानं पूर्ण केलीत का? केली असतील तर खोडा. जे दिसतं तेवढंच लिहा, न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब द्या.

टप्पा ३: बेतानं सफाई

आता रॉकेल. औजार रात्रभर रॉकेलात ठेवा, सकाळी पितळी ब्रशनं दात्यांच्या दिशेनं घासा, पुसा, पुन्हा टप्पा २ करा. पहिल्यांदा न दिसलेलं काहीतरी हमखास दिसतं. बहुतेक औजारांना एवढंच पुरतं.

गंज जाड असेल तर पांढरं व्हिनेगर चालतं, पण दर तासाला बाहेर काढून बघायचं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडं करून तेल लावायचं. छाप उथळ असेल तर व्हिनेगरसुद्धा नको.

सावधान: संडास साफ करायचं ॲसिड कधीही वापरू नका. कडक केलेल्या पोलादाला तीव्र ॲसिड ठिसूळ करतं आणि ठशाच्या कडा खाऊन टाकतं. माझ्या हातून एक अर्धगोल कानस अशीच गेली. संध्याकाळी तिच्यावर पाच अक्षरं आणि एक चित्र होतं, सकाळी दोन अक्षरं उरली. ती कुठली होती हे मला आजही सांगता येत नाही.

विजेच्या चार्जरनं आणि धुण्याच्या सोड्यानं गंज काढणारे दुसरं टोक म्हणून स्टेनलेसचा चमचा लावतात. ते टाळा, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. साधं लोखंड लावा आणि काम उघड्यावर करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. जुना रंग असेल तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, त्यात शिसं असू शकतं.

टप्पा ४: मापं आणि आटे

लोक इथे घाई करतात. पण ज्या औजाराला नाव नाही, त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त याच टप्प्यात कळतं.

टॅपचा व्यास व्हर्नियरनं घ्या, मग पिच गेज लावा. अर्ध्या इंचाचा टॅप असेल तर इंचात आटे मोजा. १२ आले तर बीएसडब्ल्यू म्हणजे ब्रिटिश व्हिटवर्थ. १३ आले तर अमेरिकन जाड आटा. १६ म्हणजे बीएसएफ, ब्रिटिश बारीक आटा. २० म्हणजे अमेरिकन बारीक आटा. अर्धा इंच असा उपयोगी आहे, कारण तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन संख्या वेगळ्या पडतात. पाव इंचाला दोन्हीकडे २०, तीन अष्टमांशाला दोन्हीकडे १६. तिथे मोजून काही कळत नाही, कोन बघावा लागतो: व्हिटवर्थचा ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिकचा ६०. म्हणून दोन संच. गेज आट्यात बसवून उजेडासमोर धरा, फट राहिली तर कोन चुकला.

छोट्या टॅपांत आणखी एक फसगत आहे. शून्य नंबरचा बीए (ब्रिटिश असोसिएशन मालिकेचा) टॅप ६ मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर पिचचा असतो, अगदी एम ६ सारखा. फरक कोनाचा, बीएचा साडेसत्तेचाळीस अंश. उपकरणं आणि विजेच्या सामानाच्या जुन्या पेट्यांत हे टॅप सापडतात आणि लोक त्यांना मेट्रिक समजून नवे ठरवतात.

आता काळ. व्हिटवर्थ १८४१ चा, बीए १८८४ चा. एवढ्या जुन्या खालच्या टोकाचा फारसा उपयोग नाही. अक्षरं जास्त सांगतात. नुसतं एनसी (जाड आटा) किंवा एनएफ (बारीक आटा) ही अमेरिकन नॅशनल मालिका, १९२० च्या दशकात रुळलेली. यूएनसी आणि यूएनएफ ही नावं अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांच्या १९४८ च्या करारातून आली. टॅपवर यूएनसी असेल तर तो दुसऱ्या महायुद्धाआधीचा असण्याचा प्रश्नच मिटला.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, अंमल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं. पण आपल्याकडच्या वर्कशॉपांत सूत (इंचाचा आठवा भाग) आणि इंचांत बोलणं आजही संपलेलं नाही आणि व्हिटवर्थचे टॅप त्यानंतरही बनत राहिले. म्हणून "इंचात आहे, म्हणजे १९५८ च्या आधीचा" हा निष्कर्ष काढू नका. उलट बाजूनं मात्र आधार मिळतो: मेट्रिक मापाची, "मेड इन इंडिया" छापाची वस्तू बहुधा १९५८ नंतरची धरायला हरकत नाही.

हॅकसॉच्या चौकटीलाही हीच परीक्षा लावा. पातं ताणायच्या फुलपाखरू नटाचे आटे मोजा. नाव नसलेल्या चौकटीचा देश पुष्कळदा तो नट सांगतो. नट मूळचाच आहे ना, हे आधी बघा.

टप्पा ५: छाप वाचा

देशाचं नाव पहिल्यांदा घ्या. ब्रिटनमध्ये १८८७ च्या कायद्यानं परदेशी मालावरच्या खुणांना शिस्त आली. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर १८९१ पासून मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं. देश लिहिलेला असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची. देश लिहिलेला नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, अक्षरं झिजली असतील किंवा माल त्या देशातच विकायला केलेला असेल.

जर्मन खुणा काळाच्या बाबतीत फार सोयीच्या आहेत. डीआरपी हे जर्मन साम्राज्याचं पेटंट, १८७७ पासून. डीआरजीएम ही तिथली छोट्या शोधांची नोंदणी, १८९१ पासून. दोन्हींचा काळ १९४५ ला संपतो. "वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ ते १९९०. जपानी औजारावर "ऑक्युपाइड जपान" दिसलं तर १९४५ ते १९५२ या पट्ट्यात तुम्ही नक्की आहात.

पेटंट क्रमांक सापडला की लोक खूश होतात. अमेरिकन असेल तर ठीक: दहा लाखावा क्रमांक १९११ चा, वीस लाखावा १९३५ चा, तीस लाखावा १९६१ चा, त्यावरून अंदाज बांधता येतो. ब्रिटिश क्रमांकात गोम आहे. १९१५ पर्यंत तिथे दर वर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. म्हणजे सालाशिवायचा पाच आकडी ब्रिटिश क्रमांक अनेक वेगवेगळ्या वर्षांचा असू शकतो. १९१६ पासून सलग मालिका सुरू झाली ती १,००,००१ पासून, त्यामुळे सहा आकडी क्रमांक त्यानंतरचा धरता येतो. दोन्ही बाबतींत पेटंटचं साल हे फक्त खालचं टोक आहे.

बाणाची खूण, तीन रेषा वर एका टोकाला मिळालेल्या, ही सरकारी मालाची. पुण्यात खडकी आणि कॅम्प या लष्करी भागांमुळे ती बऱ्यापैकी भेटते. बाणाखाली आय असेल तर भारतातला सरकारी साठा. बाण दिसला म्हणून स्वातंत्र्यापूर्वीचं औजार असं धरू नका. बाणाशेजारी साल ठोकलेलं असेल तरच त्यावर विसंबा.

भारतीय मालावर आयएसआयची खूण असेल तर ती १९५२ च्या प्रमाणन कायद्यानंतरची. १९८७ मध्ये संस्थेचं नाव बदलून भारतीय मानक ब्यूरो झालं, पण खुणेतली अक्षरं आयएसआयच राहिली. त्यामुळे खूण बघून "१९८७ च्या आधीची" असं म्हणता येत नाही.

आता खोका. किंमत आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची छपाई. पत्ता "पूना २" असा, नुसत्या टपाल विभागाचा असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी, कारण पिन कोड त्या दिवशी आले. सहा आकडी पिन आणि तरी "पूना" असेल तर साधारण १९७२ ते १९७८, कारण १९७८ मध्ये अधिकृत नाव पुणे झालं. "बॉम्बे" १९९५ पर्यंत, "मद्रास" १९९६ पर्यंत. दुकानदार जुनी लेबलं संपवतात, म्हणून वरच्या टोकाला पाच-दहा वर्षांची ढील ठेवा.

टप्पा ६: पोलाद आणि बनावट

"कास्ट स्टील" वाचून बिडाची कानस समजू नका. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या औजारांवर त्याचा अर्थ मुशीत वितळवलेलं उत्तम पोलाद असा होतो, आणि ही अक्षरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सर्रास असत.

टॅपवर एचएस किंवा एचएसएस असेल तर हायस्पीड पोलाद, तापलं तरी धार टिकवणारं. ते जगापुढे आलं १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात, तेव्हा औजार त्यानंतरचं. अक्षर नसेल तर ठिणगीवरून कळतं: कार्बन पोलादाची ठिणगी पांढरट-पिवळी, फुलबाजीसारखी फुटणारी, तर हायस्पीडची मंद लालसर, फारशी न फुटणारी.

सावधान: ठिणगीसाठी ग्राइंडरला लावणं म्हणजे औजार कापणंच आहे. एकमेव तुकड्यावर करू नका. करायचंच तर छापापासून दूर, दाते किंवा धार नसलेल्या टोकाला, क्षणभर, डोळ्यांवर चष्मा घालून. लोहचुंबकानं यातलं काहीही कळत नाही, तो दोन्हींना चिकटतो.

कानशीचे दाते भिंगाखाली बघा. हातानं छिन्नीनं पाडलेल्या दात्यांत अंतर किंचित कमी-जास्त होतं आणि ओळी कडेला जरा पुढे-मागे संपतात. यंत्राचे दाते एकसारखे. पण निकोल्सननं यंत्रावरसुद्धा मुद्दाम थोडं बदलतं अंतर ठेवलं, कानस कामावर थरथरू नये म्हणून. त्यामुळे नुसतं असमान अंतर पुरेसं नाही, कडेच्या ओळीही विस्कळीत हव्यात.

मुलाम्यात फक्त एक लक्षात ठेवा. मूळचा क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. त्याआधी निकेल, त्याची झाक किंचित पिवळसर.

तपासा: छिन्नी, स्क्रेपर किंवा सुरीच्या अंगावर तिरक्या रेषांचं पुसट जाळं दिसतंय का? असेल तर ते औजार जुन्या कानशीतून घडवलेलं आहे. आपल्याकडचे लोहार कानस वाया जाऊ देत नाहीत. अशा वस्तूला दोन वयं असतात, कानशीचं आणि घडणीचं, आणि ती वेगवेगळी लिहायची. तांबट आळीसारख्या ठिकाणी वापरलेल्या, गावातच घडवलेल्या बिननावाच्या कातरींना साल लावायच्या भानगडीत पडू नका. माप, घडण आणि कुठून मिळाली एवढं नीट लिहा.

टप्पा ७: बदललेले भाग वेगळे काढा

मूठ, हॅकसॉचं पातं, कात्रीचा बोल्ट, खोका यांना मूळचं समजू नका. कानशीची मूठ आयुष्यात कितीतरी वेळा बदलते. हॅकसॉचं पातं तर शेवटच्या मालकाचं असतं. खोक्यातलं औजार त्याच खोक्यातलं आहे का, हे पाहायला आतल्या कागदावरचा किंवा लाकडावरचा गंजाचा डाग बघा. तो औजाराच्या आकाराशी जुळला पाहिजे.

टप्पा ८: निष्कर्ष लिहा

एक उदाहरण घेऊ. लाकडी पेटीत अर्ध्या इंचाचा टॅप. आटे १३, कोन ६०. दांड्यावर एनसी, एचएस आणि यूएसए. पेटीवर दुकानदाराचं लेबल, "पूना २".

एचएस मुळे १९०० नंतर. एनसी मुळे खालचं टोक वर सरकून १९२० च्या दशकात येतं. नेहमी सगळ्यात उशिराची मूळ खूणच खालचं टोक ठरवते, बाकीच्या मागे पडतात. यूएनसी नाही म्हणून वरचं टोक साधारण १९५० चं दशक, पण हे सैल, कारण कारखाने जुनी अक्षरं काही काळ ठोकत राहतात. पेटीतला डाग टॅपशी जुळला, तर लेबल इतकंच सांगतं की टॅप १९७२ च्या आधी पुण्यात विकला गेला असावा. कधी बनला याबद्दल लेबल गप्प आहे.

वहीत तीन रकाने करा: दिसलेलं, त्यावरून काढलेलं, विक्रेत्यानं सांगितलेलं. पेन्सिलीचा ठसा त्याच पानावर चिकटवा आणि तारीख घाला. वर्षभरानं तसाच छाप दुसऱ्या औजारावर स्पष्ट सापडतो, तेव्हा हे पान उघडून टोकं दुरुस्त करता येतात.

औजाराला हलकं मशीन ऑइल लावा, कोऱ्या कागदात गुंडाळा आणि कानशी एकमेकींना घासणार नाहीत अशा सुट्या ठेवा. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा उघडून पाहा, पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातही गंज धरतो.